समासातला विषय

शाळेत नवी वही हातात आली की पहिलं काम समास आखण्याचं. पट्टी धरून लाल पेनने रेघ ओढायची आणि रेघेच्या डावीकडे काही म्हणून लिहायचं नाही. ती जागा बाईंची. बरोबरची खूण, ‘अक्षर सुधार’, क्वचित ‘छान’, आणि फारच वैतागल्या असतील तर नुसतं एक भलंमोठं प्रश्नचिन्ह. दासबोधातल्या प्रकरणांनाही समास म्हणतात हे पुढे कळलं, व्याकरणातले समास तर घोकावेच लागले. पण समास म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे येते ती ही कोरी पट्टी.

२००९ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठात, बाहेर उणे १५ आणि आत हीटरची गुंगी अशा वर्गात, तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथराशीतल्या एका पानाची झेरॉक्स माझ्यापुढे आली. अक्षरं डोक्यावरून जाणार हे ठरलेलंच होतं. मला चक्रावलं ते समासाने. मधोमध एक अरुंद स्तंभ आणि त्याच्या चहूबाजूंनी समास नुसते ओसंडून वाहत होते. मधला मजकूर म्हणजे मिश्ना, इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेले नियम, आणि त्यावर पुढच्या काही शतकांत झालेला काथ्याकूट, म्हणजे गेमारा. शिवणीच्या बाजूला राशी, अकराव्या शतकात फ्रान्समधल्या त्र्वा गावी राहणारे पंडित, अडलेला शब्द सोपा करून सांगतात. बाहेरच्या बाजूला त्यांचेच नातू आणि त्यांच्या परंपरेतले शिष्य, ‘आजोबा इथे असं म्हणतात, मग तिकडे त्या दुसऱ्या प्रकरणात काय?’ म्हणून हटकतात. त्याच्याही बाहेर, मुंगीएवढ्या टायपात, आणखी नंतरचे लोक. पानाची ही मांडणी रूढ झाली ती १५२० ते १५२३ या काळात, व्हेनिसमध्ये, दानिएल बोंबर्ग नावाच्या एका ख्रिस्ती मुद्रकाच्या छापखान्यातून.

मूळ मधे आणि टीका वर-खाली, अशा त्रिपाठी पोथ्या आपल्याकडेही असतात. पण बाईंच्या जागेत पोरांनी, पोरांच्या पोरांनी येऊन बसावं आणि कुणीच कुणाला उठवू नये, हा प्रकार मला नवा होता. शिवाय तालमूदमधल्या कुठल्याही ग्रंथाला पान क्रमांक एक नाही. मोजणी दोनपासून. मुखपृष्ठ पहिलं धरलं गेलं, एवढंच त्याचं साधं कारण. पण आमच्या प्राध्यापिका म्हणायच्या, ‘तुम्ही येता तेव्हा गप्पा आधीच सुरू झालेल्या असतात.’

मी तिथे संगणकशास्त्र शिकायला गेले होते. ते मेजर. त्याच्या जोडीला मायनर घेता येतं: १८ क्रेडिट, म्हणजे सहा विषय, पदवीच्या कागदावर खाली एक बारकी ओळ. माझ्या कागदावर ती ओळ ‘ज्यू अभ्यास’ अशी आहे. नोकरीच्या मुलाखतीत त्या ओळीवर बोट ठेवून ‘हे काय?’ असं मला आजवर इतक्यांदा विचारलं गेलंय, की कधी कधी वाटतं, वरची ठळक ओळ कुणी वाचतच नसावं.

आईला फोनवर सांगितलं तर ती थोडा वेळ गप्पच. मग म्हणाली, “अगं, ज्यू म्हणजे आपल्या इस्रायल आळीतल्या बाई वगैरे ना? त्यांचं शिकायला अमेरिकेला कशाला जायला हवं होतं? दोन आळ्या सोडून तर राहायच्या.”

तिचं बरोबर होतं. आम्ही अलिबागला राहायचो, बाबा थळच्या खत कारखान्यात होते, आणि आठवी ते दहावी मी गणिताच्या शिकवणीला इस्रायल आळीत जायचे. बाईंच्या दाराच्या चौकटीला उजव्या हाताला एक बोटभर लांबीची, तिरकी ठोकलेली डबी होती. मला कित्येक महिने ती बिघडलेली बेल वाटायची. ती मेझुझा, आत धर्मवचनांची गुंडाळी असलेली, हे पुढे कळलं. शुक्रवारी मात्र शिकवणी लवकर आटपायची. बीजगणित निम्म्यावर असलं तरी बाई खडू ठेवायच्या, “पुरे आता, दिवेलागण झाली,” म्हणायच्या आणि आत जाऊन तेलाच्या पेल्यात वात लावायच्या. माझी आजी त्यांच्या घराण्याला ‘शनवार तेली’ म्हणायची. घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून. बाईंच्या घरी तोवर घाणा उरला नव्हता, पण आजीच्या तोंडात शब्द उरला होता. किहीमकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, तळकर अशी जुन्या कुलाबा जिल्ह्यातली गावं आडनावाला लावणारी ही माणसं. त्यांची मराठी आमच्यापेक्षा अस्सल. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज, ही त्यांची कथा बाईंनी एकदा त्रैराशिक शिकवता शिकवता सांगितली होती. मी दहावी झाले त्या वर्षी बाई मुलाकडे इस्रायलला, अश्दोदला, निघून गेल्या.

पण मी हा विषय बाईंमुळे घेतला असं म्हटलं तर खोटं होईल. वेळापत्रकामुळे घेतला. मानव्यशाखेतला एक तरी विषय घेणं सक्तीचं होतं, आणि मंगळवार-गुरुवार सकाळी साडेनऊला, माझ्या लॅबच्या शेजारच्याच इमारतीत, ‘ज्यू धर्माची ओळख’ होता. त्या थंडीत शेजारची इमारत हा फार मोठा गुण असतो.

पहिल्या तासाला प्राध्यापिकांनी विचारलं, या विषयाशी तुमची ओळख कशी. कुणी आजीचं सूप सांगितलं, कुणी न्यूयॉर्कचे बेगल, एकाने कुठलीशी टीव्ही मालिका. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मी मलिदा खाल्लाय. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. बाईंकडे काही नवस फेडायचा असला की एलियाहू हनाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने करायचे. वर्ग माझ्याकडे बघत राहिला. प्राध्यापिकांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “पोहे म्हणजे काय, ते आधी सांग.” पुढची दहा मिनिटं मी भात कुटून चपटा कसा करतात ते इंग्रजीत समजावत होते. पुढची चार वर्षं मी तिथे राहिले त्याचं एक कारण ती दहा मिनिटं असावीत.

दुसऱ्या सत्रात हिब्रू घेतली. उजवीकडून डावीकडे, व्यंजनांची लिपी, स्वर म्हणजे बहुतांशी अक्षराखाली टिंबं आणि रेघा. आपल्या उकारांची सवय असलेल्याला त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सोबतची अमेरिकन मुलं मात्र ‘स्वर खाली कसा असेल’ म्हणून हवालदिल. खरी मजा धातूंमध्ये आली. तीन व्यंजनांचा सांगाडा आणि त्यात स्वर भरत गेलं की शब्द. हेश्बोन म्हणजे हिशेब. मेलेख म्हणजे राजा, आपला मालक. केवर म्हणजे कबर. एमुना म्हणजे श्रद्धा, आपलं इमान. ‘आमेन’ही त्याच घरातला आणि ‘अमानत’ही. अरबी आणि हिब्रू सख्ख्या चुलतबहिणी, आणि अरबी शब्द फारसीच्या गाडीत बसून आपल्या दफ्तरांत, दुकानांत केव्हाच येऊन पोचलेले. मी वहीच्या समासात मराठी शब्द लिहीत सुटले. शिक्षकांना वाटलं मी फार अभ्यास करते. मी फक्त ओळखीचे चेहरे मोजत होते.

तालमूदच्या पहिल्याच ग्रंथातला पहिलाच प्रश्न असा आहे: संध्याकाळची शमा ही प्रार्थना कधीपासून म्हणायची? वाटतं, आता घटका-पळं येतील. उत्तर येतं, याजक आपला वाटा खायला घरात शिरतात त्या वेळेपासून. म्हणजे वेळ विचारली तर शेजाऱ्याचा दिनक्रम सांगितला. आमच्या वर्गातल्या मुलांना हे फार विचित्र वाटलं. गोरज मुहूर्त माहीत असलेल्या माणसाला काय वाटणार? गाई घरी आल्या की. पुढे वाद सुरू: कधीपर्यंत? एक म्हणतो पहिला प्रहर संपेपर्यंत, बाकीचे म्हणतात मध्यरात्रीपर्यंत, रब्बान गमलिएल म्हणतात उजाडेपर्यंत. आणि लगेच गोष्ट: गमलिएलची मुलं मेजवानीवरून रात्री उशिरा घरी आली, म्हणाली, बाबा, शमा राहिली. ते म्हणाले, उजाडलं नसेल तर म्हणा. एवढ्या मोठ्या ग्रंथराशीच्या दारातच रात्री उशिरा घरी परतणारी पोरं उभी केलेली बघून मी सुखावले.

हे सगळं जोडीने वाचायचं असतं. त्या पद्धतीला हव्रुता म्हणतात. एकाने वाचायचं, दुसऱ्याने अडवायचं. माझा जोडीदार शिकागोच्या उपनगरातला, घरचा ज्यू, पण त्याला माझ्याइतकंच कमी येत होतं आणि त्याचा त्याला माझ्यापेक्षा जास्त राग होता. आम्हाला वाटून दिलेला तुकडा ‘बावा मेत्सिया’ या ग्रंथाचा आरंभ. दोघांनी एकच वस्त्र धरलंय. हा म्हणतो मला सापडलं, तो म्हणतो मला सापडलं. दोघेही म्हणतात सगळं माझं. तर दोघांनी शपथ घ्यायची की आपला वाटा निम्म्याहून कमी नाही, आणि वाटून घ्यायचं. इथपर्यंत ठीक. पुढे: एक म्हणतो सगळं माझं, दुसरा म्हणतो अर्धं माझं. तर पहिल्याला पाऊण, दुसऱ्याला पाव.

जोडीदार म्हणाला, दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश हवं. मागणी दोनास एक आहे. मीही आधी तेच म्हटलं. तास संपला, रात्री खोलीवर डोकं लावलं तेव्हा उजेड पडला. ‘अर्धं माझं’ म्हणणाऱ्याने उरलेलं अर्धं आपण होऊन सोडलेलंच आहे. त्यावर भांडण नाही, ते दुसऱ्याचं. भांडण फक्त राहिलेल्या अर्ध्यावर, तेवढंच निम्मं-निम्मं. मालमत्ता वाटायची नाही, भांडण वाटायचं.

त्याच सुमारास आमच्या घरी एक वस्त्र दोन बाजूंनी धरलेलं होतं. चौलची नारळी-पोफळीची वाडी. काका म्हणत होते सगळी माझी, कारण मी राखली; बाबा म्हणत होते अर्धी माझी, कारण सातबाऱ्यावर दोघांची नावं आहेत. रविवारच्या फोनवर मी उत्साहाने बाबांना मिश्ना सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतली.

“म्हणजे मला पाव?”

“हो, म्हणजे या नियमाने.”

“म्हणजे जो जास्त तोंड वासेल त्याला जास्त. मग मीही सगळी मागतो.”

“पण बाबा, शपथ घ्यावी लागते.”

“तुझा काका शपथ घेईल गं,” बाबा म्हणाले. “त्याचं काय.”

दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितलं. प्राध्यापिका इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. मग म्हणाल्या, तुझ्या वडिलांचा आक्षेप पुढच्याच पानांवर आहे, वाच. खरंच होता. शपथ कशासाठी, तर हवं त्याने उठून शेजाऱ्याच्या अंगावरचं वस्त्र धरू नये आणि माझं म्हणू नये, यासाठी. बाबांना समासात जागा होती.

हे प्रकरण तिथे थांबलं नाही. ‘केतुबोत’ या दुसऱ्या ग्रंथात एक मेलेला नवरा आहे आणि त्याच्या तीन बायका. लग्नाच्या करारात एकीला १००, दुसरीला २००, तिसरीला ३०० लिहून दिलेले. मागे १०० उरले तर तिघींना समान. ३०० उरले तर ५०, १००, १५०, म्हणजे मागणीच्या प्रमाणात. आणि २०० उरले तर? ५०, ७५, ७५. हे ना समान, ना प्रमाणात. शतकानुशतकं लोक इथे अडखळत आले. १९८५ साली रॉबर्ट आउमान आणि मायकेल माश्लर या दोन गणितज्ञांनी दाखवलं की तिन्ही वाटण्यांमागे एकच नियम आहे, आणि तो तोच, वस्त्राचा. कुठल्याही दोघींना घ्या, त्यांना मिळून जे आलं ते समोर ठेवा, वस्त्राच्या नियमाने वाटा. बरोबर तेच आकडे येतात. पहिलीला ५०, दुसरीला ७५, एकूण १२५. पहिलीची मागणी १०० ची, म्हणजे २५ तिने सोडले, ते दुसरीचे. उरले १००, निम्मे-निम्मे. ५० आणि ७५. मी तिन्ही जोड्या कागदावर सोडवल्या, मग पायथॉनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, बायकांची संख्या वाढवत नेली. मेजर आणि मायनर एका टेबलावर आले ते त्या रात्री. गेम थिअरीतल्या कामासाठी आउमान यांना २००५ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. पण मला भुरळ पडली ती दुसरीकडेच. गणितात ज्या वाटणीला हे दोघे जाऊन भिडले तिची व्याख्या १९६९ ची, आणि मिश्नाच्या लोकांनी ती पोटाच्या अंदाजाने केव्हाच करून ठेवलेली.

(वाडीचं काय झालं? काका-बाबा अजून बोलत नाहीत. नारळ माकडं खातात.)

तिसऱ्या वर्षी होलोकॉस्टचा, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचा, विषय आला. तो मी टाळत होते, पण मायनरला लागत होता. एका चर्चेत, भाषेत क्रौर्य कसं बोथट होतं यावर बोलताना, मी सहज म्हणून गेले की आमच्या शाळेत एका कडक सरांना आम्ही सगळे हिटलर म्हणायचो, प्रेमाने. कुणी काही बोललं नाही. माझ्या शेजारच्या मुलीने वहीत बघितलं. प्राध्यापिकांनी रागावायला हवं होतं असं मला आजही वाटतं, त्यांनी फक्त विचारलं, “प्रेमाने म्हणजे कसं?” मला उत्तर देता आलं नाही. घरी, दारी, वर्तमानपत्रात किती सहज वापरतो आपण: घरात हिटलरशाही आहे, बॉस हिटलर आहे, आणि काहींच्या तोंडी तर त्यापुढचं, ‘देशाला असा एखादा हवा’. आपल्याकडे तो माणूस म्हणजे शिस्त. साठ लाख हा आकडा पाठ्यपुस्तकात असतो, दोन गुणांचा.

त्या सत्रात वाचलेलं सर्वांत जास्त लक्षात राहिलं ते छळछावण्यांचं नाही. वॉर्सा घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, इमानुएल रिंगेलब्लुम नावाच्या इतिहासकाराने गुपचूप एक संग्रह उभा केला. माणसं जोडली, कामं वाटून दिली, आणि जे मिळेल ते गोळा केलं. रेशनकार्डं, गुप्त वर्तमानपत्रं, डायऱ्या, शाळकरी मुलांचे निबंध, ट्रामची तिकिटं, गोळ्या-चॉकलेटांचे कागद. हे सगळं पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून तळघरांखाली पुरलं. रिंगेलब्लुम १९४४ साली मारले गेले. १९४६ मध्ये पेट्या सापडल्या, १९५० मध्ये दोन कॅन. मारेकरी आपला इतिहास लिहिणार हे माहीत असताना चॉकलेटचा कागद जपून ठेवायचं सुचणं, याचा मी फार दिवस विचार करत होते.

आणि याच्याच पाठीला पाठ लावून सालो बॅरन वाचायला मिळाले. कोलंबिया विद्यापीठात १९३० पासून ज्यू इतिहास शिकवणारे. त्यांनी १९२८ सालीच लिहून ठेवलं होतं की ज्यूंचा इतिहास म्हणजे नुसती रडकथा, ही मांडणी पुरे. या लोकांनी व्यापार केला, कविता केल्या, कर भरले, भांडले, पोरं वाढवली, त्याचंही काही लिहा. गंमत, म्हणजे गंमत नाहीच, ती ही की बॅरन मूळचे आजच्या पोलंडमधल्या तार्नूवचे. त्यांचे आईवडील आणि एक बहीण नाझींनी मारले. १९६१ साली जेरुसलेममध्ये आइकमन या नाझी अधिकाऱ्याचा खटला उभा राहिला तेव्हा इतिहासकार म्हणून साक्ष द्यायला तेच गेले. आणि तरीही ‘रडकथा पुरे’ हे त्यांनी मागे घेतलं नाही. मला हा माणूस पटला. आपणही कुठल्या ना कुठल्या समाजाचा इतिहास एक तर पराक्रमात नाही तर अन्यायात कोंबून बसवतो. मधला चार दिवसांचा संसार कुठेच मावत नाही.

या विषयाला विद्यापीठात खुर्ची मिळायलाच शंभर वर्षं लागली, हेही त्याच वेळी कळलं. बर्लिनमध्ये लेओपोल्ड त्सुंत्स नावाच्या विद्यार्थ्याने १८१८ साली पुस्तिका लिहून म्हटलं, ज्यू साहित्याचा अभ्यास धर्मगुरूंच्या पलीकडे, शास्त्रशुद्ध व्हायला हवा. पुढे त्यांनी १८४८ मध्ये बर्लिन विद्यापीठात अध्यासन मागितलं, नकार आला. हार्वर्डला १९२५ मध्ये अध्यासन निघालं. मी ज्या मायनरचा फॉर्म दोन मिनिटांत भरला, त्यामागे हे एवढं तिष्ठत बसणं होतं.

आता कुणी हा विषय ऐकला की पहिला प्रश्न गाझाचा येतो. तो यायलाच हवा. आमच्या आधुनिक इतिहासाच्या वर्गात इस्रायल स्थापन झालं त्या १९४८ ला एकीकडे स्वातंत्र्ययुद्ध आणि दुसरीकडे, पॅलेस्टिनी अरबांमध्ये, नकबा, म्हणजे महासंकट, म्हणतात, हे दोन्ही शब्द पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिले गेले, आणि सत्रभर पुसले गेले नाहीत. त्या वर्गातले वाद घरी नेऊन झोप उडायची. पण तीन हजार वर्षांच्या लोकांबद्दल तेवढाच एक प्रश्न विचारून थांबायचं, हे मला जमत नाही.

शेवटच्या सत्रात एक प्रबंध लिहायचा होता. आमच्या जाडजूड पाठ्यपुस्तकात कोकणातल्या बेने इस्रायलींना, म्हणजे बाईंच्या समाजाला, अडीच ओळी होत्या. मी त्यांच्यावर लिहायचं ठरवलं. ग्रंथालयात ‘पूना हग्गादा’ पाहिली, पेसाहच्या सणाला घरी वाचायची पोथी, १८७४ साली पुण्यात छापलेली, एका बाजूला हिब्रू, एका बाजूला मराठी. तीत सणाच्या बिनखमिराच्या भाकऱ्या भाजणाऱ्या बायकांचं चित्र आहे. लुगडी नेसलेल्या, जमिनीवर बसलेल्या. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्याची गोष्ट, आणि स्वयंपाकघर आमच्या आजीचं. मी त्या पानापुढे बराच वेळ बसून राहिले. चौदा तासांचा विमानप्रवास करून मी हे बघायला आले होते. आई म्हणाली होती तेच.

हाइम सॅम्युएल किहीमकरांनी १८९७ मध्ये लिहिलेला आणि १९३७ मध्ये छापला गेलेला बेने इस्रायलींचा इतिहास वाचला. त्यात सणांची जुनी नावं होती. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. योम किप्पूर, दिवसभर घराची दारं बंद, म्हणून दारफाळणीचा सण. पुरीम म्हणजे होळीचा सण. हनुक्का नव्हताच, तो नंतर कुणी शिकवला तेव्हा आला. आणि जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाचा, अव महिन्याच्या नवमीचा दिवस, तो बिरड्याचा सण. मी हेही लिहिलं की ज्यांना अलिबागेत ‘तुम्ही खरे ज्यू का’ असं कुणी कधी विचारलं नाही, त्यांना इस्रायलला गेल्यावर लग्नाच्या वेळी धर्मपीठाने विचारलं. त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला आणि १९६४ साली तिथल्या संसदेला स्पष्ट सांगावं लागलं की हे सर्वार्थाने ज्यूच आहेत.

प्रबंध तपासून परत आला. ‘अ’ होता. समासात प्राध्यापिकांच्या पेन्सिलीचे बारीक शेरे. बिरड्याच्या सणाच्या ओळीशेजारी एकच प्रश्न: “कडधान्यच का?”

मला उत्तर माहीत आहे असं वाटलं. तालमूदमध्येच आहे: शोक करणाऱ्याने मसूर खावेत. का, तर मसुराला तोंड नसतं, इतर दाण्यांना असते तशी खाच नसते. तसंच शोक करणाऱ्यालाही तोंड नसतं, तो बोलत नाही. म्हणजे कोकणात आल्यावर मसुराच्या जागी वाल आले असणार. मी खूश. तरी एकदा विचारावं म्हणून आईकडून बाईंचा नंबर मिळवला आणि अश्दोदला स्काइपवर फोन लावला. सात वर्षांनी. बाईंचे केस पांढरेशुभ्र झाले होते, मागे भिंतीवर मराठी कॅलेंडर. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, मसूर, तोंड, शोक.

“वालाला तोंड नसतं?” बाई म्हणाल्या. “अगं, वालाला केवढं तोंड असतं. पांढरं, हे एवढं. बिरडं सोलायला कधी बसली नाहीस वाटतं आईजवळ. पावसाळ्यात येतो तो दिवस. मासेमारी बंद, भाजी नाही बाजारात. घरात वालच असायचे गो, दुसरं काय करणार होते?”

मी क्षणभर गप्प झाले. मग आठवलं, आमच्या मोरीपाशी परातीत भिजवलेले, मोड आलेले कडवे वाल आणि आईच्या बोटांतून सुळकन बाहेर पडणारे दाणे.

“पण बाई, सोलल्यावर ते तोंड सालीबरोबर जातं.”

पलीकडे एवढी शांतता झाली की मला वाटलं लाइन गेली.

“हो की,” बाई म्हणाल्या. “हे दोन्ही लिही.”